खंदकातला पानमळा

आमच्या गावचा भुईकोट अकोल्याच्या वाटेवर होता. लढाई त्याने कधी पाहिली की नाही, कोण जाणे. आजोबा सांगत, आधी आत फौज असे, मग निजामाच्या अंमलदाराचे घोडे आले. माझ्या लहानपणी तिथे इंग्रज साहेबाची कचेरी होती. भोवतीच्या खंदकातलं पाणी कधीच आटलं होतं. शेवटच्या किल्लेदाराला विड्याचा भारी शौक, म्हणून त्याने आजोबांना खंदकाच्या ओलसर तळात पानमळा लावू दिला. किल्लेदार गेला, वेल राहिले. वडिलांनी ते लेकरांपेक्षा जास्त जपले, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढे विलायतेला कापूस कमी पडला आणि सगळ्या वऱ्हाडाच्या अंगात आलं. जो तो कापूस पेरी. गाड्या उभ्या करायला जागा पुरेना, तेव्हा खंदक बुजवायचं ठरलं आणि कचेरीतले दोघं मोजणीला आले.

पानमळ्यात जोडे घालून जात नाहीत. वडील भांडले नाहीत, हात जोडून तेवढंच म्हणाले. ती माणसं भली होती. त्यांनी काठावर जोडे काढले, अनवाणी उतरले आणि सगळा खंदक मोजून नेला.

वडील घरी आले ते अगदी निश्चिंत. आई मात्र म्हणाली, "वेल काढून घ्या. अंजनगावले माहा भाऊ जागा देऊन राहिला. आता नाई नेले त बेणं बी हाती राहाचं नाई."

"कावून नेऊ? जोडे काढले ना त्याइनं. मळ्याले मानलं, मंग बुजवतीन कसे?"

आई रोज तेच म्हणे. वडील रोज वेलांना पाणी घालीत. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

माती पडायला लागली त्या दिवशी वडिलांनी अंथरूण धरलं. मजूर सगळे कापसात, म्हणून बायकांनाही कामावर बोलावलं. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. आमच्यात बाईमाणसाने पानमळ्यात पाऊल टाकायचं नसतं. आईने तो लग्नापासून काठावरूनच पाहिलेला. ती पहिल्यांदा आत उतरली ती डोक्यावर मातीची टोपली घेऊन. वेल अजून हिरवेगार होते. तिने मुकादमाला विचारलं, "इथंच टाकू का?"