न मोजलेला बर्फ

हिवाळा संपता संपता मी आणि ऑफिसातले माझे सर हिमाचलातल्या एका खोऱ्यात बर्फ मोजायला जायचो. ऑफिस नवी मुंबईत, काम तिथल्या वीजप्रकल्पासाठी. पोकळ नळी बर्फातून जमिनीपर्यंत घुसवायची, आतल्या बर्फासकट तिचं वजन करायचं, आणि उन्हाळ्यात ओढ्यांना किती पाणी येईल ते सांगायचं. हे सगळं मला सरांनी शिकवलं. वडील गेल्यावर घणसोलीच्या आमच्या घरी सगळ्यांत आधी धावत आले तेही सरच.

त्या वर्षी नळी जेमतेम आत गेली आणि मातीला टेकली. सगळीकडे तसंच. आम्ही जिच्या घरी उतरायचो त्या बाईने जेवताना विचारलं, "बेटी, इस बार मटर लगाऊँ या जौ?" मटाराला पाणी फार लागतं. जव कमी पाण्यावर निघतो.

सर म्हणाले, "रिपोर्ट आने दो, दीदी. प्रधान के पास भेज देंगे." प्रधान म्हणजे तिथला सरपंच.

परत आल्यावर मला टायफॉइड झाला. बरी होऊन ऑफिसला जायला लागले, तोच खोऱ्यातल्या त्या बाईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. रिपोर्टमध्ये पाणी नेहमीइतकं आहे म्हटलंय, खाली माझं नाव आहे म्हणून तिने सगळ्या शेतात मटार पेरला होता.

मी तशीच रिक्षा करून कोपरखैरण्याला सरांच्या घरी गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहा टाकला.

"सर, बर्फ नव्हता. आपण दोघांनी बघितलंय."

"अगं, वरच्या उतारावर असू शकतो. तिथे कुठे मोजलं आपण?"

"न मोजलेलं लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

 ते म्हणाले, "प्रकल्पवाल्यांना कमी पाणी नको होतं. पुढचं काम हातचं गेलं असतं. तू टेन्शन घेऊ नकोस."

"मग खाली माझं नाव कशाला?"

"मोजणी तूच केलीस ना?"

इतक्या सहज म्हणाले. माझं काही चुकलंय आणि ते समजावून सांगताहेत, असा तो सूर होता. मी चहा न घेता उठले. काकू दारापर्यंत आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

खाली सोसायटीच्या गेटपाशी उभं राहूनच मी त्या बाईला फोन लावला. खरं काय ते सांगितलं. सरांनी लिहिलं, मी नाही, हेही सांगितलं. 

"नाम तो तेरा है," एवढंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी प्रकल्पाला खरे आकडे कळवले आणि नोकरी सोडली. प्रकल्पाकडून उत्तर आलं नाही. ऑफिसात मी आजारपणामुळे काम सोडलं असं सांगण्यात आलं.

उन्हाळ्यात ओढा आटला. तिच्या घराला लागून दोन वाफे होते, तेवढाच मटार हाती आला. मी फोन केला तेव्हा हे मला तिच्या जावेने सांगितलं. ती स्वतः फोनवर आली नाही. मागून तिचा आवाज मात्र ऐकू येत होता, कुणाला तरी जेवायला हाक मारत होती.