चिपी ऑर्डर

माझं पहिलं पोस्टिंग उत्तर इंग्लंडमधल्या एका इन्फन्ट्री बटालियनमध्ये झालं. मी मूळचा पुण्याजवळच्या मांजरी गावचा. तिकडे शिकायला गेलो, शिक्षण अर्धवट सोडलं आणि ब्रिटिश फौजेत भरती झालो. पुण्यात परतल्यावर नारायण पेठेतल्या एका मंडळानं मला भाषणाला बोलावलं होतं. भाषण रंगात येण्याआधीच पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले.

"अहो, म्हणजे आपण इंग्रजांची चाकरी केलीत."

"हो. पगारी."

पुढे कोणी काही विचारलं नाही आणि डॅनीबद्दल बोलायचं राहून गेलं. ते इथे लिहितो.

डॅनी माझ्या सेक्शनमधला प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई. हल या बंदराच्या गावचा. अफगाणिस्तानात, हेलमंदमध्ये मारला गेला. त्याची आई मॉरीन दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला मला पुण्याला फोन करायची. इकडचं तिकडचं बोलून शेवटी एकच विचारायची, "जाताना तो काही बोलला का?" मी दर वर्षी नाही म्हणायचो. आम्हाला तसंच सांगितलेलं होतं.

सेक्शन आठ जणांचा. कमांडर कॉर्पोरल हटन, विगनचा. हेलमंदमध्ये रोजचं रूटीन ठरलेलं: पहाटे शस्त्रं घेऊन सज्ज बसायचं ते स्टँड-टू, रायफल साफ करणं, गस्त, पहारा. उरलेल्या वेळात भांडणं, आणि भांडणाचा विषय एकच, चिपी. चिपी म्हणजे तळलेले मासे आणि बटाट्याच्या जाड चिप्स विकणारं दुकान. इंग्लंडात ते गल्लोगल्ली असतं, आणि गाव बदललं की पदार्थांची नावं बदलतात. चिप्स ज्या पावात भरायच्या त्याला हटन बार्म म्हणे, नॉटिंगहॅमचा स्कॉट कॉब म्हणे आणि डॅनी ब्रेडकेक. हटनला चिप्सवर शिजवलेल्या वाटाण्याचं नुसतं पाणी लागे. त्याला पी वेट म्हणायचं. आपल्याकडे आजाऱ्याला देतात तसलं ते पाणी, पण त्यावरून तो मारामारीला उठे.

बिअरचंही तेच. हटनची काळसर माइल्ड. डॅनीची हातपंपानं ओढलेली बिटर, वर दोन बोटं फेस. फेस कमी असला की ग्लास परत. मुंढव्यातल्या एका पबात हल्ली 'इंग्लिश बिटर' म्हणून काहीतरी देतात, बर्फासारखं गार. डॅनी असता तर त्या वेटरचं काही खरं नव्हतं.

डॅनीचा जीव पॅटीवर. कुस्करलेला बटाटा, त्यात सेज नावाचा पाला, तो पिठात बुडवून तळायचा, ब्रेडकेकमध्ये घालायचा आणि वर तिखटमीठ. ही झाली पॅटी बटी. मी म्हटलं, "हा तर वडापाव."

"चोरलात तुम्ही."

"तुम्ही आमच्याकडून काय काय नेलंत ते काढू का?"

"काढ. पण पॅटी आमचीच."

तेव्हापासून आमची गट्टी जमली.

हटनची एक पद्धत होती. गस्तीवर प्रत्येकाच्या कानाला छोटा रेडिओ असे. रेडिओ चेकला नियमानं कॉलसाइन, म्हणजे आपला ठरलेला नंबर, द्यायचा. हटन मात्र म्हणे, "चिपी ऑर्डर." मग एकेकानं आपल्या गावच्या नावानं आपली ऑर्डर सांगायची. त्याचं म्हणणं, घाबरलेला माणूस नंबर विसरतो, घरचं खाणं विसरत नाही. माझी ऑर्डर वडापाव. वरच्या साहेबांना हे माहीत होतं. ते काणाडोळा करत.

त्या सकाळी आम्ही कालव्याच्या कडेनं तळाकडे परतत होतो. दोन्ही बाजूंना मका. डॅनी सर्वात मागे, त्याच्या पुढे स्कॉट. एका मोरीपाशी स्फोट झाला. धुळीत हातभर अंतरावरचं दिसेना. रेडिओवर हटन आला.

"चिपी ऑर्डर! बोला!"

"पी पुडिंग."

"वडापाव."

एकेक करत ऑर्डरी येत गेल्या. डॅनीचा आवाज अगदी स्वच्छ आला. "पॅटी बटी. स्क्रॅप्स जास्त." स्क्रॅप्स म्हणजे कढईतला चुरा.

स्कॉट बोलला नाही.

"स्कॉट, ऑर्डर. स्कॉट!"

हटननं हुकूम दिला, आधी स्कॉट. जमिनीत आणखी बॉम्ब असू शकतात, म्हणून धावत जाता येत नाही. डिटेक्टरनं वाट तपासत एकेक पाऊल टाकावं लागतं. आम्ही मक्यात शिरलो. मध्ये हटननं पुन्हा ऑर्डर मागितली. डॅनी म्हणाला, "पॅटी बटी." स्क्रॅप्सचं काही बोलला नाही. ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

स्कॉट एका चरात सापडला. आम्हाला शिव्या घालत होता. त्याच्या रेडिओची वायर तुटली होती, बाकी अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तिसऱ्यांदा ऑर्डर मागितली तेव्हा डॅनी गप्प होता.

तो बांधाला टेकून बसलेला सापडला. मांडीत पत्र्याचा तुकडा शिरला होता. रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, टूर्निकेट, त्याच्या खिशातच होता. मेडिक म्हणाला, अशा वेळी काही जणांना लागल्याचं कळतच नाही. हटननं त्याचा रेडिओ काढून स्वतःच्या खिशात ठेवला. त्यानं पुन्हा कधी चिपी ऑर्डर मागितली नाही. आमच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "घरच्यांशी बोलाल तेव्हा एकच सांगा. जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आज मला कळतं.

गेल्या वर्षी मॉरीनचा फोन आला. नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीचं उत्तर झालं. मग ती म्हणाली, "सनी, लव्ह, तो जन्मात कधी गप्प बसला नाही. जाताना गप्प गेला, हे मला पटतच नाही रे."

माझ्याच्यानं राहवेना. मी सांगितलं.

आधी ती हसली. "पॅटी बटी! हा माझाच." मग विचारलं, "दोनदा बोलला?"

"दोनदा."

"मध्ये वेळ किती गेला?"

मी तेही सांगितलं.

"म्हणजे तो बोलत होता, म्हणून तुम्ही त्याच्याकडे गेला नाहीत."

"हो, मॉरीन."

तिनं फोन ठेवला.

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. कोणाचं होतं कोण जाणे. यंदा डॅनीच्या वाढदिवसाला तिचा फोन आला नाही. संध्याकाळी मीच लावला. तो वाजत राहिला. तिनं उचलला असता तर काय बोलणार होतो, तेही मला माहीत नव्हतं. डॅनीचा आवाज मात्र अजून कानात स्वच्छ आहे. त्या आवाजावरून आम्ही धरून चाललो होतो की तो जिवंत आहे. तो होताच.