मांडणीताईचं भरलेलं दुकान

पुस्तकाच्या दुकानात पुस्तक दोन तऱ्हेनं उभं करता येतं. एक, कणा बाहेर ठेवून; म्हणजे शेजाऱ्यांत चेपून बसलेलं, नुसतं नाव दाखवणारं. दुसरं, तोंड बाहेर करून. म्हणजे अख्खं मुखपृष्ठ गिऱ्हाइकाकडे. कणा बाहेर असेल तर हातभर फळीवर पुस्तकांची दाटी होते. तोंड बाहेर केलं की तीन पुस्तकांत फळी भरते. एवढं ध्यानात ठेवलं की मांडणीताईच्या आयुष्याचं वाटोळं कसं झालं, ते कळायला फार अक्कल लागत नाही.

तिचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. गावोगावी शाखा असलेल्या त्या कंपनीचं हे सगळ्यात मोठं, तीन मजली दुकान. लग्नाआधी ती तिथं पावत्या फाडायला लागली आणि बघता बघता तिन्ही मजल्यांच्या फळ्या तिच्या हाताखाली आल्या. कुठलं पुस्तक नजरेच्या उंचीवर, कुठलं गुडघ्याशी, कुठल्या कोपऱ्यात माणूस रेंगाळतो, हे तिला बरोबर समजायचं. नवरासुद्धा तिथलाच. शहराबाहेरच्या कंपनीच्या गोदामात तो मुकादम. एकदा त्यानं भिजलेलं खोकं पाठवलं म्हणून ही तणतणत गोदामात गेली होती, आणि त्या भांडणातून लग्न जमलं. घरात अजूनही तो म्हणायचा, ‘‘खोकं परत घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याबरोबर तू आलीस.’’ ती म्हणायची, ‘‘पावती दाखव, आत्ता परत जाते.’’

दोघांचा पगार एकाच कंपनीतून. दोन्ही पाय एकाच होडीत, असं तिची आई म्हणायची, आणि ही हसण्यावारी न्यायची.

कंपनीला कीड आतून लागली की बाहेरून, यावर हुशार माणसं वाद घालत बसली आहेत. लोक घरबसल्या फोनवरून पुस्तकं मागवायला लागले हे खरं. पण दुकानात उशा, मेणबत्त्या आणि कॉफीचे मग विकायची बुद्धी काही लोकांनी दिली नव्हती. ती हेड ऑफिसातल्या साहेबांची. तळमजल्यावर जिथं नवी पुस्तकं असायची तिथं उशांचा ढीग आला. मग दर काही महिन्यांनी माणसं कमी व्हायला लागली. मग प्रकाशकांनी हात आखडता घेतला आणि नव्या पुस्तकांची खोकी यायची जवळजवळ थांबली. विकलं गेलेलं पुस्तक परत फळीवर येईना. फळ्यांना भोकं पडली, दात पडलेल्या तोंडासारखी.

मांडणीताईला फळीतलं भोक सहन होत नसे. तिनं एका फळीवरची पुस्तकं तोंड बाहेर करून लावली. मग शेजारच्या. मागं टेकू म्हणून रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा घडी करून ठेवला, म्हणजे पुस्तक आत पडायला नको. आधी मोजक्या फळ्या, मग अख्खा पहिला मजला, मग तिन्ही. आणि गंमत अशी, की निम्मा माल उरलेलं ते दुकान पूर्वीपेक्षा भरलेलं दिसायला लागलं. रंगच रंग. गिऱ्हाइकं म्हणायची, ‘‘वा, दुकान नवीन केलंत वाटतं!’’ मॅनेजर म्हणायचा, ‘‘ताई, तुम्ही आहात म्हणून अब्रू आहे.’’

असल्या कौतुकानं माणूस बिघडतो. रोज संध्याकाळी घरी जाताना ती जिन्यावर थांबून खाली बघायची. फळ्या भरलेल्या दिसायच्या. पुठ्ठे तिनंच घातलेले, घड्या तिनंच घातलेल्या, आणि तरी तिला खरंच वाटायचं, की आपलं दुकान भरलेलं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणारे पुष्कळ असतात. हिनं आधी स्वतःच्या डोळ्यांत फेकली, तीही इतक्या निगुतीनं, की डोळे चुरचुरलेसुद्धा नाहीत.

त्याच सुमारास नवऱ्याला दुसरीकडून बोलावणं आलं. दुसऱ्या गावात औषधाच्या कंपनीचं गोदाम होतं. मुकादमाचीच जागा, वर राहायला घर. उत्तर मात्र आठवड्याच्या आत हवं होतं.

जेवताना त्यानं विषय काढला. ‘‘आपल्या गोदामात हाक मारली की परत ऐकू येते. इतकं रिकामं मी कधी बघितलेलं नाही. मला हे लक्षण ठीक दिसत नाही.’’

‘‘तुझ्या गोदामात नसेल माल. थेट दुकानात येत असेल.’’

‘‘थेट कुठून येणार? सगळं माझ्या हातावरून जातं.’’

‘‘मग माझ्या दुकानात येऊन बघ की एकदा! फळ्या भरल्यात माझ्या. आणि तिकडं गेलो तर मी काय करू? गोळ्यांच्या पाकिटांची मांडणी करू?’’

बोलताना तिचा आवाज चढला. तिला जायचं नव्हतं. ते दुकान सोडून आपण कुणीच नाही, ही भीती तिच्या पोटात होती, आणि ती नवऱ्याला सांगायला जीभ रेटत नव्हती. म्हणून ती फळ्यांबद्दल बोलत राहिली. तो म्हणाला, ‘‘बरं. येऊन बघतो. तू म्हणशील तसं.’’

तो आला. तिनं त्याला तिन्ही मजले फिरवून दाखवले, नव्या घरात पाहुण्याला फिरवावं तसे. तो मान वर करून बघत राहिला. ‘‘माल थेट इकडंच येतोय म्हणायचा,’’ असं पुटपुटला. त्याचा चेहरा सैल होत चाललेला तिला दिसला, आणि तीही सैल झाली. पहिल्या मजल्यावर प्रवासाच्या पुस्तकांपाशी तो थांबला. गोदामातली माणसं डोळ्यांनी बघत नाहीत, हातानं बघतात. ढीग दिसला की ते त्याला तळवा लावून रेटतात, म्हणजे वजन कळतं. त्यानं सवयीनं हात पुढं केला.

तिनं त्याचं मनगट धरलं.

‘‘हात नको लावू. आत्ताच लावलंय.’’

तो हसला. ‘‘बाई, तुझी ही खोड जाणार नाही.’’

ती पण हसली.  हात सोडायचा होता, एवढंच. त्याचा तळवा पुस्तकाला लागला असता, पुस्तक मागं गेलं असतं, पुठ्ठा दुमडला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं. तिनं सोडला नाही.

‘‘मग त्यांना नाही म्हणून कळवतो,’’ तो म्हणाला.

‘‘कळव.’’

त्यानंतर काही आठवडे ती फार चांगली वागली. त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं न सांगता लावली. त्याला वाटलं, बायको खूश आहे. बिचारा.

मग एका सकाळी मॅनेजरनं सगळ्यांना तळमजल्यावर उशांच्या ढिगापाशी बोलावलं. हेड ऑफिसचा कागद वाचून दाखवला. सगळ्या शाखा बंद. गोदामही बंद. उरलेला माल विकून कंपनीचा निकाल लावायला माणूस येणार. कुणी रडलं, कुणी शिव्या घातल्या. मांडणीताई वर बघत होती. भरलेल्या फळ्यांकडं. हे शक्यच नाही, असं तिच्या मनात आलं. इतकी पुस्तकं आहेत, दुकान बंद कसं होईल?

निकाल लावणारा माणूस मात्र हातानं बघणारा निघाला. त्यानं पहिल्याच फळीत बोटं घातली, पुठ्ठा बाहेर ओढला आणि विचारलं, ‘‘हे काम कुणाचं?’’

‘‘माझं.’’

‘‘फार सुरेख. शेवटपर्यंत दुकान असंच भरलेलं दिसलं पाहिजे. रिकामं दिसलं की लोक येत नाहीत.’’

मग लोक आले. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक निम्म्या किमतीचा फलक बघून रांगा लावून आले. पिशव्या भरभरून नेताना हळहळले, ‘‘अरेरे, इतकं छान दुकान का हो बंद करताय?’’ तिला वाटायचं, एकेकाच्या हातून पिशवी हिसकावून घ्यावी. पण ती पुस्तकं पुढं ओढत राहिली. तीनच्या जागी दोन, दोनच्या जागी एक. दुसरा मजला बंद झाला, मग पहिला.

शेवटी फळ्याच विकल्या गेल्या. त्या उतरवायला गोदामातली माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर तिचा नवरा. ती खाली हिशेबाच्या टेबलापाशी होती. तो पहिल्या मजल्यावर गेला, हे तिनं बघितलं.  मग तो जिन्यावरून उतरला. हातात घडी घातलेल्या पुठ्ठ्यांची चळत. प्रत्येकावर त्याच्या गोदामाचा शिक्का. त्यानंच भरून पाठवलेली खोकी.

चळत त्यानं तिच्यापुढं टेबलावर ठेवली. घरी जाताना, रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा म्हणाला, ‘‘त्या दिवशी तू माझा हात धरलास.’’

‘‘हो.’’

‘‘तेव्हा तुला माहीत होतं?’’

नाही म्हणता आलं असतं. तिला कुणी खोटं पाडणार नव्हतं. ‘‘माहीत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘पण तरी मला ते भरलेलंच वाटायचं. देवाशपथ. मला दोन्ही वाटायचं.’’

त्यानं मान हलवली. औषधवाल्यांची जागा केव्हाच भरली होती, हे त्यानं आदल्या आठवड्यातच विचारून घेतलं होतं. आता तो ओरडेल, निदान टाकून बोलेल, म्हणून ती वाट बघत चालत राहिली. घराच्या दारात कुलूप काढताना तो म्हणाला, ‘‘मी एकटा नव्हतो थांबलो.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘औषधवाले हमालसुद्धा घेणार होते. आमच्या पोरांनी मला विचारलं, मुकादम, काय करायचं? मी म्हटलं, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलोय, दुकानात पुस्तकं मावत नाहीत. कुठं जाऊ नका. कुणी गेलं नाही. पैलवानसुद्धा नाही.’’

पैलवान म्हणजे गोदामातला सगळ्यात जुना हमाल. नाव पैलवान, पण आता गुडघे गेलेले. दुसरीकडं कुठं त्याला कुणी दारात उभं करणार नव्हतं. औषधवाले घेणार होते, ते मुकादमाच्या शब्दाखातर.

ती दारातच बसली. नवरा, आपण, आपलं घर, एवढंच तिनं आजवर हिशेबात धरलं होतं. रात्रंदिवस तेवढ्यासाठीच तिचं मन तिला खात होतं. हमालांचं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

‘‘उद्या सगळे गोदामात जमतायत. शेवटचं. तू ये आणि सांग.’’

‘‘तूच सांग ना रे. माझ्या तोंडातून नाही निघणार.’’

‘‘मी काय सांगू? तू काय केलंस ते मलाच अजून नीट कळलेलं नाही.’’

दुसऱ्या दिवशी ती गेली. गोदाम इतकं रिकामं होतं, की पाऊल टाकलं तरी घुमत होतं. मधोमध एक लांब बाक, त्यावर ट्रे, ट्रेच्या कोपऱ्यात चहाचे पेले दाटीवाटीनं ठेवलेले. तिला बघताच पैलवान गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खोकं पुसून पुढं सरकवलं.

‘‘बसा वहिनी. तुमचं दुकान काय लागलं होतं म्हणे! मुकादम आठवडाभर तेच सांगत होता. म्हणून तर आम्ही कुठं हललो नाही.’’

ती बसली नाही. ‘‘पैलवान, त्या फळ्या रिकाम्या होत्या.’’

‘‘रिकाम्या कशा? ह्यानं बघितल्यात की.’’

नवरा खाली बघत होता. बाकीच्यांना वाटलं, बाई दुकानाच्या दुःखानं काहीतरी बोलतेय. कसं सांगावं ते तिला सुचेना. मग तिनं ट्रेमधले पेले एकेक करून उचलले आणि बाकाच्या पुढच्या कडेला मांडले, सारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंतर कुठं चुकलं नाही.

‘‘आता तिकडं जाऊन बघा.’’

पैलवान खरंच लांब गेला आणि माल बघावा तसं नीट बघून म्हणाला, ‘‘भरलाय बाक.’’

‘‘मागं काही नाही. दुकानात पण नव्हतं. तुमच्याच खोक्यांचे पुठ्ठे होते. आणि मुकादम हात लावायला गेला तर मी त्याचा हात धरला.’’

 एकानं हातातला पेला खाली ठेवला आणि तो बाहेर निघून गेला. पैलवान गुडघा सांभाळत परत आला.

‘‘हे ह्याला माहीत नव्हतं?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि तुम्हाला होतं.’’

‘‘हो.’’

पैलवान तिच्या तोंडाकडं बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. ‘‘वहिनी,’’ तो म्हणाला, ‘‘नुसतं सांगायचंत ना. आम्ही गेलो असतो.’’