अढीतली बोर्दो

महिपत नागवेकरला कुणी साधं "काय, जेवलास?" असं विचारलं तरी उत्तर फ्रान्समार्गे येतं. तीस वर्षं त्यानं मालवाहू जहाजांवर खानसामा म्हणून काढली, निम्मं जग पाहिलं, पण जीव अडकला तो एका बोर्दोत. तिथं त्याचं जहाज एकदा नऊ दिवस धक्क्याला लागलं होतं. नऊ दिवस! तेवढ्या भांडवलावर तो रत्नागिरीजवळच्या भाट्यात बावीस वर्षं गप्पा मारतोय.

बोर्दो समजवायला त्याला नकाशा लागत नाही, घरासमोरची खाडी पुरते.

"ही समज तिथली नदी. समुद्र असाच जवळ, नि आपल्या सुरूबनासारखं पाइनचं रान. डाव्या काठाला गोटेच गोटे, तिथं काबर्ने द्राक्ष. ताठ, उशिरा पिकणारं. उजव्या काठाला चिकणमाती, तिथं मर्लो. मऊ, लवकर पिकणारं. हवेचा काय भरवसा नाय, एक फसलं तर दुसरं सावरून घेतं. म्हणून दोघांची वाईन एकत्र करतात. खरी चव त्या मिळवणीत!"

"म्हंजे काबर्ने तू नि मर्लो वैनी," असं शेजारचा रिक्षावाला लवू दरवेळी म्हणतो, आणि सहासष्ट वर्षांचा महिपत दरवेळी लाजतो.

लाजण्याला कारण होतं. बोर्दोच्या बंदरातल्या एका म्हाताऱ्या दलालानं महिपतच्या हातचं कोळंबीचं कालवण तीनदा मागून खाल्लं होतं, आणि जाताना त्याच्या हातात एक लाल वाईनची बाटली ठेवली होती. "पंधरा वर्षं थांब," तो म्हणाला होता, "आणि मग बायकोबरोबर उघड. एकट्यानं नाही."

पंधरा वर्षं कधीच उलटली. बाटली मात्र भाताच्या कणगीत तशीच. दर दसऱ्याला महिपत ती काढायचा, पुसायचा, उजेडात धरायचा, "अजून पिकायची हाय" असं घरभर जाहीर करायचा आणि परत भातात पुरायचा. खरं सांगायचं तर तो वाईन पिकण्याची वाट बघतच नव्हता. त्याला बायकोला, राजश्रीला, विचारायची भीती वाटत होती. अंगणात बसून माडी प्याला म्हणून याच बाईनं लवूला केरसुणी घेऊन पार पुलापर्यंत पिटाळलं होतं. ती नाही म्हणाली तर? ज्या आयुष्यात ती कधीच बरोबर नव्हती त्यातला एक घोट तरी तिच्याबरोबर प्यावा, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्या इच्छेला तो बावीस वर्षं नुसता पुसून ठेवत होता.

लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या वैशाखातल्या रविवारी त्यानं हिय्या केला. इस्त्रीचा शर्ट घातला, लवूला साक्षीला बोलावलं आणि कणगीत कोपरापर्यंत हात घातला.

बाटली नव्हती!

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. अर्धी कणगी ओटीवर आली. कोंबड्यांची चंगळ झाली. महिपतनं लवूकडे असं पाहिलं की लवूनं आपणहून खिसे उलटे केले. "खिशात बाटली मावंल काय रे?" महिपत ओरडला. "मग बगतोस कशाला असा?" लवू त्याहून जोरात ओरडला.

स्वयंपाकघरातून राजश्री हात पुसत आली. "काय हुडकताव?"

"बोर्दो!"

ती सरळ माळ्याची शिडी चढली. वर गवताचे थर देऊन हापूस पिकायला घातले होते. त्या अढीत तिनं खांद्यापर्यंत हात खुपसला, दोन आंबे बाजूला केले आणि मधून बाटली ओढून काढली.

"ही घ्या. अजून आठ दिवस राह्यली असती तर बरं झालं असतं."

महिपतनं बाटली हातात घेतली; ती कोमट होती. "राजू, तिला गारवा लागतो गो! तिकडं तळघरात ठेवतात!"

"पिकायला ऊब लागते," राजश्री म्हणाली. यावर वाद घालण्याची रत्नागिरीत कुणाची छाती नाही. "दर साल ठेवते. चैत्रात अढीत नि मिरगाआधी परत कणगीत. तुमी त्या वक्ताला जहाजावर असायचात. नि आता गुडघ्यापायी तुमी माळ्यावर चढता कुठं?"

बावीस उन्हाळे! बूच स्क्रू लावताच भुसभुशीत झालं. वाईन चहाच्या गाळणीतून तीन स्टीलच्या पेल्यांत उतरली, विटकरी रंगाची, वासाला निम्मी हापूस. लवूनं घोट घेतला आणि त्याचा एक डोळा मिटला तो उघडेना. "आमसुलाचं पाणी," तो कसाबसा म्हणाला.

महिपतनं आपला पेला खाली ठेवला. संपलं सगळं. आता हिला काय विचारायचं?

पण राजश्रीनं न विचारता पेला उचलला होता. तिनं पदर सावरला आणि एका दमात अर्धा पेला रिकामा केला. चेहरा आवळ्यासारखा झाला, एक मोठी उचकी आली आणि मग ती जी हसत सुटली ती थांबेचना. तिचं बघून लवू हसू लागला, लवूचं बघून महिपत.

"तू पिलीस?" महिपत डोळे पुसत म्हणाला. "मला वाटलं, तू नाय बोलशील."

"मंग अढीत कशाला घालत होते इतकी वर्षं?" राजश्री म्हणाली. "तो म्हातारा बोलला ना, बायकोबरोबर उघड? तुमीच सांगितलेलं गावभर. दरवेळी तुमी म्हणायचात, पिकली नाय, पिकली नाय. म्हटलं, लवकर पिकू दे."

उरलेली वाईन महिपतनं गाळणीतून आपल्या आणि राजश्रीच्या पेल्यांत सारखी ओतली आणि लवूपुढे आंब्याची फोड सरकवली.