चौदा नंबरच्या दारात आर्वो

सोमेरोची गाडी चौदा नंबरवरून सुटते, हे आर्वो लेहतिसालोला कुणी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं ती गाडी त्यानेच हाकली होती. पण तेव्हा हेलसिंकीतलं कांप्पीचं बसस्थानक वर होतं, उघड्या मैदानात. डोक्यावर आभाळ, पायाखाली चिखल आणि नाकात डिझेल. आता सगळं स्थानक जमिनीखाली गेलंय आणि त्याच्या डोक्यावर दुकानं बसवलीत. चांगलं केलं की वाईट, ते सोडा. म्हाताऱ्या माणसाची मात्र पार दैना झाली.

आर्वो सरकत्या जिन्यावरून उतरला तो बायकांच्या पायमोज्यांच्या दुकानात. तिथून घाईने पुढे गेला, तर आणखी एक जिना त्याला थेट मेट्रोच्या फलाटावर घेऊन गेला. परत वर. पुन्हा पायमोजे. दुकानातली मुलगी गोड हसली, आणि आर्वोचे कान लाल झाले. विचारायचं होतं की कुणाला! पण आमच्याकडे माणूस वाट चुकून तासभर फिरेल, परक्याला विचारून त्रास देणार नाही. त्यात हा तर याच गाडीचा जुना ड्रायव्हर. सोमेरोची गाडी कुठे लागते, हे त्याने विचारायचं? जीव गेला तरी चालेल.

शेवटी एकदाचं स्थानक सापडलं. लांबलचक दालन, गुळगुळीत फरशी, भिंतीला ओळीने काचेची दारं, प्रत्येकावर नंबर. काचेपलीकडे गाड्या, पण ना आवाज ना वास. इथे गाड्या राहतात की मासे, असा त्याला प्रश्न पडला. चौदा नंबरचं दार दिसलं तेव्हा त्याला हायसं वाटलं. वर पाटी होती, तिच्यावर गावांची नावं सरकत होती. ती त्याने वाचलीच नाहीत. आपल्याच घराच्या दारावरची पाटी कोण वाचतं?

खिशात धाकट्या भावाचं कार्ड होतं. बावीस वर्षांनी कौकोने लिहिलं होतं, आणि तेही तीन ओळी. "शुक्रवारी १०.२० च्या गाडीने ये. हिर्वेलाच्या फाट्यावर थांबतो. आला नाहीस तर पुन्हा लिहिणार नाही." कौको म्हणतो ते करतो. ही गाडी चुकली तर भाऊ गेला, एवढं आर्वोला पक्कं ठाऊक होतं.

दहा वीस झाले. चौदाचं दार ढिम्म. आर्वोने काच ढकलली, वरखाली चाचपली, कडी शोधली. कडी कुठली! तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावरून एक गाडी हळूहळू बाहेर निघाली. कपाळावर लिहिलं होतं, सोमेरो.

त्याने हात केला. दुसरं काय करणार? आमच्याकडे गाडीला हात केला नाही तर गाडी थांबत नाही. गाडी चालवणाऱ्या पोराने काचेआडून हात करणारा म्हातारा पाहिला, त्याला वाटलं निरोप देतायत आजोबा. त्यानेही हसून हात हलवला आणि गेला निघून.

आर्वो तिथेच उभा. गाडी थांबली का नाही? हात तर केला होता. की हात केला म्हणूनच गेली?

मग त्याला ती दुपार आठवली. खरं तर ती तो कधी विसरलाच नव्हता. आई हेलसिंकीच्या इस्पितळात होती. आर्वो सोमेरोहून गाडी घेऊन येत होता, चार मिनिटं उशीर झाला होता. आणि आर्वोला उशीर म्हणजे काय! त्या रस्त्यावरचे लोक त्याची गाडी बघून घड्याळं लावायचे. हिर्वेलाच्या फाट्यावर कौको उभा होता, हातात पिशवी, हात मात्र खाली. भावाच्या गाडीला हात कसला करायचा, असा त्याचा ताठा. सगळं गाव हात करतं, यालाच काय शिंगं फुटलीत, असा आर्वोचा. गाडी गेली पुढे. दुसरी गाडी रात्रीची. आई संध्याकाळीच गेली.

"मला दिसलाच नाहीस," असं आर्वोने सांगितलं होतं, दफनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. सिर्क्कालाही, म्हणजे बायकोलाही, ती मरेपर्यंत तेच सांगितलं.

"अहो आजोबा, ती काच पुसून झालीय माझी. तुम्ही तिला किती वेळ पुसणार?"

मागे कॉफीच्या टपरीवरची बाई उभी होती. हिल्क्का नाव तिचं, जाडजूड, पन्नाशीची, तोंडाने फटकळ.

"सोमेरोची गाडी," आर्वो पुटपुटला.

"ती एकतीसवरून सुटते. चौदावर कोत्काची."

"चौदावरूनच सुटते. मी ती—"

"सुटत असेल. वर आमची दुकानं आहेत ना, त्यांच्यात. तिकडे जाऊन बघा, पायमोज्यांच्या मधून निघते का ते."

आर्वोला राग यायला हवा होता, पण रागही धड येईना. "गेली ती," तो म्हणाला. "मी आता घरी जातो."

"का? एक वीसची आहे की."

"भाऊ फाट्यावर थांबणार होता. तीन तास कोण थांबतं? या थंडीत?"

"ते त्याला ठरवू द्या. घरी फोन करा."

"फाट्यावर उभ्या माणसाला घरी फोन करून काय उपयोग?"

"मग जाऊनच बघायला हवं. बसा इथे. कॉफी घ्या, पाव खा. एक वाजता मी स्वतः नेऊन उभं करते तुम्हाला. आणि दाराला हात लावायचा नाही. गाडी लागली की ते आपोआप उघडतं, कळलं?"

आर्वो बसला. दोनदा उठला, दोनदा तिने डोळे वटारले. नसेलच तो तिथे, जाऊन काय करायचं? आणि असला तर? तर काय बोलायचं? त्याचं त्यालाच काही कळेना. एक वाजता हिल्क्काने त्याला बाहीला धरून एकतीस नंबरवर नेलं. दार खरंच आपोआप उघडलं.

हिर्वेलाच्या फाट्यावर तो उतरला तेव्हा बर्फमिश्रित पाऊस पडत होता. लाकडी आडोशाखाली बाकावर कौको बसला होता. टोपी भिजून चिंब, नाक लाल.

"पहिल्या गाडीत नव्हतास," तो म्हणाला.

"चुकली."

"तुझी? गाडी चुकली? तुझी?"

स्थानक खाली नेलंय, नंबर बदललेत, काचा लावल्यात, असं बरंच सांगायचं आर्वोने गाडीत ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"कौको, त्या दिवशी तू मला दिसला होतास."

"ठाऊक आहे. तू माझ्याकडेच बघत होतास." कौकोने नाक पुसलं. "त्यासाठी नाही बोलावलं तुला. मला एकच विचारायचंय. आई विचारत होती का मला?"

बावीस वर्षं हे आर्वोने कुणाला सांगितलं नव्हतं.

"विचारत होती. सारखी दाराकडे बघायची. मी सांगितलं, त्याची गाडी चुकली, येतोय मागच्या गाडीने. ती म्हणाली, मग मी थांबते."

कौकोचे खांदे हलायला लागले, आणि आर्वोला कुठे बघावं ते कळेना. मग कौको बाकावर जरा सरकला.

"बैस," तो म्हणाला. "घरी मग जाऊ. आणखी काय म्हणाली, ते सगळं सांग."