नायकाचे गुडघे

सिनेमाचा नायक म्हातारा होत नाही, असं प्रयागबाईंचं ठाम मत होतं. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या महादेवरावांना संसारात तो एवढाच प्रतिस्पर्धी. पडद्यावर तो पुलावरून उडी मारायचा आणि खाली पोचल्यावर नाचायचा. वय बाईंएवढंच. त्यामुळे भिंत धरून जिना चढणाऱ्या बाई डॉक्टरकडे जायला तयार नव्हत्या.

"त्याचे गुडघे दुखतात काय? मग माहे काहून दुखतीन? वारा भरला असंन," त्या म्हणायच्या.

समजावून झालं, रागावून झालं. शेवटी महादेवरावांनी बडग्या करायला घेतला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. तिच्यासोबत बडगे असतात, म्हणजे ज्या गोष्टीचा राग यावा तिचे पुतळे; मिरवून शेवटी जाळायचे. मोहल्ल्याचा बडग्या दरवर्षी महादेवरावच बांधत. महागाई झाली, खड्डे झाले, भ्रष्टाचार दोनदा झाला. यातलं काहीच जळून संपलं नाही, तो भाग वेगळा. यंदा त्यांनी बांबू आणि तणसाचा नायक दवाखान्याच्या खुर्चीत बसवला. अंगात चमचमता कोट, डोळ्यांवर गॉगल, दोन्ही गुडघ्यांवर शेकायच्या पिशव्या. मागे पाटी : 'पुढची उडी डॉक्टरांना विचारून.'

पाटी वाचून प्रयागबाईंनी अबोला धरला. मिरवणुकीला मात्र लंगडत आल्या. घरात एकटं बसून धरलेला अबोला कोणाला कळणार?

'रोगराई घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्यांत बडग्याची हातगाडी इतवारीत शिरली. लोक हसले, फोटो काढले. मग बायका गाडीला येऊन चिकटल्या आणि चौकशा सुरू झाल्या.

"भाऊजी, गोळ्यांनी भागते, का कापाच लागते?" शेजारच्या पुष्पलताबाईंनी विचारलं.

"पाहून सांगतात. धंतोलीत बसतात डॉक्टर, माणूस चांगला आहे," महादेवराव म्हणाले. पत्ता, वेळ, एक्स-रे कुठे काढायचा, सगळं त्यांना पाठ होतं. एका पेशंटसाठी गोळा केलेली ही माहिती आता सगळ्या इतवारीच्या कामी येऊ लागली. प्रयागबाईंना ते बघवेना.

"अवो, साऱ्या गावाले डॉक्टर सांगून राहिले. घरचं माणूस दिसत नाही काय?"

"तूच तं म्हणत होती वं, वारा भरला म्हणून."

"मी म्हणीन. तुमाले डोळे नाहीत काय? आता ह्या साऱ्याजणी माह्या आधी नंबर लावतीन."

बडग्या पेटला तेव्हा तो बांधणारा माणूस तिथे नव्हता. बाजूच्या गल्लीत, एका कानात बोट घालून महादेवराव दवाखान्याला फोन लावत होते. प्रयागबाई खेटून उभ्या होत्या.

"सकाळचा घ्या," त्या म्हणाल्या. "आन् पुष्पलतानं लावला काय, तेबी विचारा."