त्या दिवशी हाक आली नाही

सावंगीच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी शाळेत, वर्गात शिकवत होते. "मिलिंदचं कोण तुम्ही?" पलीकडून विचारलं. "मोठी बहीण," एवढं मी म्हणाले. त्यानंतर पलीकडचा माणूस काय बोलला ते आजही आठवत नाही... मिलिंद आमच्या गावच्या फ्लाइंग क्लबात छोटी विमानं चालवायला शिकवायचा. असा फोन येईल, ही धास्ती आईला पहिल्या दिवसापासून होती. मला कधीच नव्हती, कारण इतका जपून वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या गल्लीच्या आंधळ्या वळणावर स्कूटरचा हॉर्न दिल्याशिवाय तो कधी वळला नाही. तो हॉर्न ऐकला की आई गॅसवर चहा ठेवायची.

आमच्या गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमानांना सूचना देणारा मनोरा नाही, कुंपण नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी एक फाटकी कापडी पिशवी तेवढी खांबावर आहे. वैमानिकांनी रेडिओवर आपापलं सांगायचं, मी कुठे आहे, कुठून उतरतोय, आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पण या पट्टीने गावाची जुनी पांदण, शेतांकडे जायची वाट, मधोमध कापली आहे. पलीकडे शेतं, अलीकडे घरं. बैलबंड्या, मोटारसायकली, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, सगळी ये-जा पट्टीवरूनच. त्यांच्याकडे कुठला रेडिओ! त्यांची आपली रीत होती. काठाशी थांबायचं, कान द्यायचा, आवाज नसेल तर निघायचं.

दूधवाले मारोतराव एकदा असेच ऐन उतरत्या विमानापुढून निघून गेले. मिलिंदने कसंबसं विमान पुन्हा वर घेतलं आणि खाली आल्यावर त्यांना गाठलं. मारोतराव शांतपणे म्हणाले, "आवाज कुठी होता भाऊ? इमान येते तं आवाज येते नं!" त्या रात्री मिलिंद नीट जेवला नाही. "ताई, त्यायचं बी बरोबरच हाये. उतरताना इंजिन मंद असते. खाली काईच आयकू येत नाई."

दुसऱ्या दिवसापासून तो उतरण्याआधी पट्टीवरून एकदा अगदी कमी उंचीने, मोठ्ठा आवाज करत जायचा आणि मग वळसा घेऊन उतरायचा. या आवाजाला तो हाक म्हणायचा. गावात त्याने स्वतः फिरून सांगितलं, "हाक आली का थांबजा. इमान उतरेपर्यंत पाय ठेवजा नोका." आणि गाव थांबायला लागलं. अडाणी लोक ऐकत नाहीत, असं क्लबच्या मालकांचं मत होतं. ऐकत नव्हते ते मालक. मिलिंद पांदणीवर फाटक आणि एक माणूस मागत होता. मालक म्हणायचे, ते सरकारचं काम. सरकारी कार्यालयात गेलं की तिथले म्हणायचे, ते क्लबचं काम. मंत्री उतरणार असले की मात्र दोघांनाही पांदण बरोबर सापडायची, सकाळपासून दोन्ही टोकांना पोलीस उभे! मंत्री गेले की पोलीसही जायचे.

"गावकऱ्यांना हाका मारायला विमान घेतलं नाही मी," मालक त्याला चार लोकांत बोलले. मिलिंदने ऐकून घेतलं आणि तो हाक देत राहिला.

त्या दिवशी विमानात मालक स्वतः होते आणि त्यांचा एक पाहुणा. पाहुण्याला मी दवाखान्यात भेटले, हात गळ्यात बांधलेला होता. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं होतं, एक चक्कर मारू का? साहेब म्हणाले, नाटकं नकोत, सरळ उतरव." चौकशीत मात्र पाहुण्याला यातलं काहीच आठवलं नाही. मालकांनाही नाही. समोर मोटारसायकल दिसल्यावर मिलिंदने विमान पट्टीबाहेर घातलं, ते नालीत उलटलं. मोटारसायकलवाला वाचला, मालक वाचले, पाहुणा वाचला. वैमानिकाची चूक, असं ठरलं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे फार सोयीचं असतं.

मोटारसायकलवर मारोतरावच होते. ते घरी आले, आत येईनात, उंबऱ्याशी बसले. "मी गाडी बंद केली बाई. थांबलो, आयकलं. हाक आली नाई, म्हणून निघालो..." त्यांच्यावर ओरडायचं मी ठरवून ठेवलं होतं. ओरडू शकले नाही. राग आहे तो मालकांवर, आणि खरं सांगते, मिलिंदवरसुद्धा आहे. इतके दिवस ऐकलं नाहीस त्या माणसाचं, मग त्याच दिवशी काऊन ऐकलंस रे?

क्लब पुन्हा सुरू झाला आहे. कचेरीत मिलिंदचा फोटो लावलाय म्हणे, हार घालून. फाटक अजून नाही. पांदणीवर माणसं अजून थांबून कान देतात.

त्याची स्कूटर आता मी चालवते. पहिल्या दिवशी वळणावर सवयीने हॉर्न दिला, तर आई चहाचं आधण ठेवून दारात येऊन उभी. मला पाहून तिचा चेहरा जो उतरला, तो पुन्हा बघवणार नाही. तेव्हापासून मी वळणाआधीच इंजिन बंद करते आणि स्कूटर ढकलत, आवाज न करता अंगणात आणते. काल आई तुळशीपाशी पाठमोरी होती. मी अगदी जवळ आल्यावर ती दचकली, हातातला तांब्या पडला.

"काऊन वं," ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "हाक नाई देली?"